ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुरकुर करतोय? उघडायला देण्याआधी काय काय बघायचं

छोटी ऑटोमॅटिक वॅगन घेतली की पहिले काही महिने मजेत जातात, डावा पाय रिकामा, मागे पोरं, डिकीत सामान, आणि मग कधीतरी सिग्नलवरून निघताना गाडी हलकासा झटका देते किंवा रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही. पोटात गोळा येतो, कारण ऑटोमॅटिक बॉक्स गेला म्हणजे खिसा फाटला हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यात कुणीतरी पाच मिनिटं चालवून बघतो आणि सांगतो, "बॉक्स उघडावा लागेल".

जरा थांबा. बॉक्स खरंच जातो, नाही असं नाही, पण तशीच लक्षणं दाखवणाऱ्या बाहेरच्या गोष्टी भरपूर आहेत: ऑइल कमी, बॅटरी मरायला टेकलेली, स्पीड सेन्सर, ब्रेकचा स्विच, लिव्हरच्या केबलचा प्लास्टिकचा बुश, इंजिनाचं माउंटिंग. या गोष्टी आधी तपासायला फार खर्च नाही आणि बॉक्स एकदा खाली उतरवला की मग मागे फिरणं अवघड, म्हणून क्रम महत्त्वाचा. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे, ज्यांनी आजवर मॅन्युअलच चालवली आणि आता पहिल्यांदा ऑटोमॅटिक घेतली त्यांच्यासाठी.

पायरी १: तुमच्या गाडीत नेमका कुठला ऑटोमॅटिक आहे?

हे माहीत नसताना नेटवर उपाय शोधणं म्हणजे दुसऱ्याचा रिपोर्ट घेऊन स्वतःचं औषध आणणं. पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) लिहिलंय म्हणून सगळे सारखे नसतात. चार जाती आहेत आणि चौघांची दुखणी वेगळी.

टॉर्क कन्व्हर्टरवाला हा जुना, नेहमीचा ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये ऑइलने भरलेला एक गोल डबा असतो, त्यात एक पंखा ऑइल ढकलतो आणि दुसरा त्या ऑइलने फिरतो, म्हणून डी मध्ये ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते आणि ते अगदी नॉर्मल आहे. डब्याच्या आत एक लॉक-अप क्लच असतो, स्पीड पकडला की तो दोन्ही बाजू घट्ट जोडतो म्हणजे पेट्रोल वाया जात नाही. पुढे थरथरीबद्दल बोलू तेव्हा हा क्लच लक्षात ठेवा.

सीव्हीटी मध्ये ठरलेले गिअर नसतात, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा, पुली रुंद-अरुंद होत जातात आणि रेशो सलग बदलतो. जोरात ऍक्सिलेटर दिला की आरपीएम एकदम वर जाऊन तिथेच थांबतो आणि गाडी मागून हळूहळू वेग पकडते. नवीन माणूस हे बघून घाबरतो की क्लच स्लिप होतोय, पण सीव्हीटी असाच चालतो, त्यात बिघाड काही नाही. (काही कंपन्या मुद्दाम खोटे गिअर प्रोग्राम करून ठेवतात, केवळ लोकांना बरं वाटावं म्हणून.)

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मात्र ऍक्च्युएटर करतो. त्यामुळे गिअर बदलताना मान पुढे-मागे होणं हा त्याचा स्वभाव आहे, गिअर बदलायच्या वेळी ऍक्सिलेटर किंचित सोडला की बराच कमी होतो. आत क्लच प्लेट आहे म्हणजे ती घासणार, हे विसरायचं नाही.

डीसीटी मध्ये दोन क्लच, एकाकडे १-३-५ आणि दुसऱ्याकडे २-४-६, पुढचा गिअर आधीच तयार असतो म्हणून बदल झटपट. यातही कोरडा क्लच आणि ऑइलमधला क्लच असे दोन प्रकार, आणि कोरडावाला रांगत्या ट्रॅफिकमध्ये जास्त वैतागतो. फोर्डच्या फोकस-फिएस्टामधल्या कोरड्या क्लचच्या पॉवरशिफ्टबद्दल (हे फोर्डच्या डीसीटीचं नाव) इतक्या तक्रारी झाल्या की २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने, ग्राहकांच्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या त्याबद्दल, फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये कोरड्या क्लचच्या ७ गिअरवाल्या डीएसजीच्या (त्यांच्या डीसीटीचं नाव) जगभरातल्या साधारण १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल घालायचं होतं. हे सांगायचं कारण एवढंच की कधीकधी दोष तुमच्या चालवण्यात नसतो, त्या मॉडेलमध्येच असतो, म्हणून गाडीचा चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी आहे का हे सगळ्यात आधी बघा. फुकट होणारं काम पदरचे पैसे घालून करून घेतलेले लोक कमी नाहीत.

कुठला प्रकार आहे ते ओनर्स मॅन्युअलमध्ये मिळतंच. तिथे ऑइलचं नाव काय दिलंय तेही आत्ताच लिहून ठेवा, लागणार आहे.

पायरी २: तक्रार नीट लिहून काढा

"गाडी झटका देते" या वाक्यातून मेकॅनिकला काही कळत नाही. त्याला हवं असतं ते हे: गाडी थंड असताना होतं की अर्धा तास चालल्यावर? किती स्पीडला? आरपीएम किती? ऍक्सिलेटर हलका होता की दाबलेला? कुठून कुठल्या गिअरला जाताना? चढावर, भरलेल्या गाडीत, एसी चालू असताना जास्त होतं का? बंद करून परत चालू केल्यावर जातं का?

थंड असतानाच त्रास आणि गरम झाल्यावर सगळं ठीक, असं असेल तर बऱ्याचदा कडक झालेली सील किंवा कमी ऑइल, आणि उलट म्हणजे गरम झाल्यावरच त्रास असेल तर ऑइल पातळ होऊन प्रेशर पडतंय, सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा वॉल्व) तापल्यावर अडकतोय किंवा आतली झीज. हा एक फरक जरी नीट सांगितला तरी अर्धं काम होतं. शेजारी बसलेल्याला आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ काढायला सांगा, गाडी गॅरेजमध्ये गेली की हमखास शहाण्यासारखी वागते आणि मग तो व्हिडिओच कामाला येतो.

पायरी ३: ऑइल

इथे वेळ घालवा. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फक्त वंगण नाही, प्रेशर तेच देतं, क्लच तेच दाबतं, थंड तेच करतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तर ताकदही तेच पुढे नेतं. अर्धा-पाऊण लिटर कमी असलं तरी वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो आणि गाडी क्षणभर न्यूट्रल झाल्यासारखी वाटते.

डिपस्टिक असेल तर नशीबवान आहात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून एकदा सावकाश फिरवा, मग पी मध्ये आणून हँडब्रेक लावा आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढा, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, परत घाला, काढा, बघा. पातळी 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवी. पण सगळ्यांचं असं नसतं, होंडाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असतं, म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नका. कमी असेल तर थोडं थोडं घाला, एकदम ओतू नका, कारण जास्त झालेलं ऑइल फिरणाऱ्या भागांना लागून फेसाळतं आणि फेसाने प्रेशर मिळत नाही, म्हणजे कमी असताना जे होतं तेच परत.

आजकाल बहुतेक छोट्या गाड्यांना डिपस्टिकच नसते, 'सील्ड' म्हणतात. त्यात पातळी बघायची म्हणजे गाडी लिफ्टवर एकदम समांतर, इंजिन चालू, ऑइलचं तापमान स्कॅनरवर ठरलेल्या रेंजमध्ये, बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, आणि मग खालचा चेक प्लग उघडून बारीक धार थांबून थेंब-थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. हे घरी जॅकवर एक बाजू उचलून करायचं काम नाही. आणि गॅरेजवाला जर थर्मामीटर किंवा स्कॅनर न लावता "बघितलं, ठीक आहे" म्हणाला तर त्याने काही बघितलेलं नाही.

आता ऑइलचा अवतार. बरीचशी एटीएफ (ऑटोमॅटिकची ऑइलं) नवीन असताना लाल असतात, काही सीव्हीटी ऑइल हिरवट किंवा निळसर. वापराने तपकिरी होणं साहजिक आहे, नुसत्या रंगावरून घाबरू नका. नाकाने बघा. जळका, तिखट वास येत असेल आणि बोटावर काळी बारीक पूड लागत असेल तर क्लचचं मटेरियल जळलंय. चमकणारे कण दिसले तर धातू सुटतोय. आणि ऑइल गुलाबी, दुधाळ, घुसळल्यासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट बॉक्समध्ये गेलंय, पाण्याने क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटतं आणि थोडं अंतर चालवणंसुद्धा महागात पडतं. ऑइल पॅन उघडला तर आतल्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असणं नॉर्मल, टोचणारे तुकडे असणं नॉर्मल नाही.

ऑइल बदलायचं की नाही, यावर लोक तासन्‌तास भांडतात. कंपनी म्हणते 'लाइफटाइम फिल', पण लाइफटाइम कुणाची ते कुणी सांगत नाही. झेडएफ ही स्वतः गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी आहे आणि ती आपल्या ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदला म्हणते. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा आकडा दिलेला असतो तो शोधा, कारण गच्च भरलेली फॅमिली गाडी, सतत ट्रॅफिक, घाट, छोटा ट्रेलर हे सगळं कठीण वापरातच येतं. सीव्हीटीला तर मी याहून लवकरच बदलायला सांगेन.

बदलताना ड्रेन-अँड-फिल, म्हणजे खालून सोडायचं आणि तेवढंच नवीन भरायचं, हे बरं. बॉक्समध्ये एकूण सहा ते आठ लिटर असलं तरी खालून साधारण निम्मंच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं राहतं, म्हणून काही लोक थोडं चालवून परत एकदा-दोनदा तेच करतात. मशीन लावून जोराने फ्लश करणं, तेही जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या बॉक्सला, मला पटत नाही. "नवीन ऑइल घातलं आणि बॉक्स मेला" या गोष्टी ऐकता ना, त्यातले बरेच बॉक्स आधीच मरणाच्या दारात होते, लोक ऑइल बदलायला आले तेच मुळी स्लिप व्हायला लागल्यावर. घासून गेलेला क्लच नव्या ऑइलने परत उगवत नाही.

स्वतः करणार असाल तर एकच नियम पाठ करा: आधी भरायचा प्लग उघडून बघा, तो उघडला तरच खालचा सोडा. उलटं केलं आणि वरचा गंजून बसला असेल तर गाडी ऑइलशिवाय तिथेच अडकून पडते. आणि ऑइल तेच जे मॅन्युअलमध्ये लिहिलंय, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, निसानच्या सीव्हीटीचं एनएस-३ ही सगळी वेगवेगळी आहेत, साधं एटीएफ सीव्हीटीमध्ये अजिबात घालायचं नाही, पट्टा आणि पुली यांच्यातली पकडच त्या ऑइलवर अवलंबून असते.

पायरी ४: बॅटरी आणि फॉल्ट कोड

गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतात. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. अशक्त बॅटरीमुळे सकाळी सकाळी गिअरचा लाइट लागणं, एएमटीने गिअर घ्यायला नकार देणं, हे सर्रास होतं. एएमटीवाल्यांनी तर पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा.

मग स्कॅनर. मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर चालतो, पण अट एकच, तो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा हवा, नुसता इंजिनाचा नाही. पी०७०० हा कोड आला की लोक घाबरतात, त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी सांगायचंय, तिकडे बघा' एवढाच. खरा कोड त्याच्या मागे असतो. पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे, अशा वेळी सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बदलून काम होऊ शकतं. पी०७०५ म्हणजे लिव्हर कुठे आहे हे सांगणाऱ्या स्विचचा घोळ. पी०२१८ बॉक्स तापल्याचा. पी०७४१ लॉक-अप क्लचचा. पी०७३० म्हणजे रेशो जुळत नाही, म्हणजे कुठेतरी स्लिप होतंय, हा जरा गंभीर. कोड आला म्हणून तोच पार्ट बदलायचा असं नसतं, कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये शोधायचं ते सांगतो. आणि एक विनंती, कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

पायरी ५: लक्षणावरून कुठे बघायचं

लिव्हर पी मधून हलतच नाही: आधी ब्रेक दाबून मागचे ब्रेक लाइट लागतात का ते दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेक पेडलवरचा स्विच किंवा फ्यूज, बॉक्सचा काहीच संबंध नाही. तात्पुरतं निघायचं असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक सोडायची जागा असते, हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून तिथे दाबायचं आणि लिव्हर एन मध्ये घ्यायचा. लाइट लागतायत, गाडी उतारावर आहे आणि लिव्हर जाम आहे, तर आतला पार्किंगचा खटका गाडीच्या वजनाखाली अडकलाय.

गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते: रेंज स्विच (लिव्हर कुठे आहे ते सांगणारा) किंवा केबलची ऍडजस्टमेंट. लिव्हर सैल फिरतोय आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीये: केबलच्या टोकाचा बुश तुटलाय. छोटासा प्लास्टिकचा तुकडा असतो आणि त्याच्यापायी अख्खी गाडी टो होऊन येते, काय बोलायचं.

डी किंवा आर टाकल्यावर उशीर: एखाद-दीड सेकंद चालतं, त्याहून जास्त आणि मग धाडकन गिअर बसत असेल तर आधी ऑइलची पातळी, मग वॉल्व बॉडी (ऑइलचं प्रेशर वाटून देणारा भाग) आणि सील. फक्त 'धाडकन' असेल, उशीर नसेल, तर इंजिनाचं माउंटिंग बघा. ब्रेक घट्ट दाबून ठेवून डी-आर-डी करताना कुणीतरी बाजूला उभं राहून, गाडीच्या समोर अजिबात नाही, उघड्या बॉनेटमध्ये इंजिन किती उडतंय त्याचा व्हिडिओ काढला की लगेच कळतं. तुटलेल्या माउंटिंगपायी लोकांनी ऑइल, सोलेनॉइड, सगळं बदलून बघितलेलं असतं.

गिअर बदलताना आरपीएम उगीच वर जाऊन मग गिअर बसतो: हे खरं स्लिपिंग. ऑइल ठीक असेल तर सोलेनॉइड किंवा क्लच पॅक (बॉक्समधल्या क्लच प्लेटांचा गठ्ठा). यात चालढकल करायची नाही, प्रत्येक स्लिप म्हणजे आत उष्णता, आणि ऑइल नेहमी साधारण ८० ते ९५ अंशांत बरं असतं, १२० च्या वर फार वेळ राहिलं की त्याचं वार्निश, म्हणजे चिकट थर, व्हायला लागतं, सील कडक होतात, आणि मग एका क्लचचं दुखणं सगळ्या बॉक्सचं होतं.

५०-७० च्या स्पीडला, हलक्या ऍक्सिलेटरवर, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर: टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत लॉक-अप क्लचचा संशय. पण अगदी अशीच थरथर प्लग-कॉइल खराब असल्यावर, म्हणजे इंजिन मिसफायर झाल्यावरही येते. ओळखायचं कसं, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, एकसारख्या स्पीडला थरथर चालू असताना ऍक्सिलेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला अगदी हलका स्पर्श करायचा, फक्त ब्रेक लाइट लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉक-अप सुटतो. थरथर तेवढ्यात थांबली तर कन्व्हर्टर, चालूच राहिली तर इंजिनाकडे वळा. (ज्यांना डाव्या पायाची सवय नाही त्यांनी हे करू नका, मॅन्युअलच्या सवयीने तो पाय जोरात पडतो. मेकॅनिक करेल.) लॉक-अपची थरथर सुरुवातीच्या दिवसांत नुसतं योग्य ऑइल बदलून जाऊ शकते, म्हणून कन्व्हर्टर बदलायला लगेच हो म्हणू नका.

निघताना थरथर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि गाडी कोरड्या क्लचची डीसीटी किंवा एएमटी: क्लच प्लेट. क्लच बदलल्यावर कॉम्प्युटरला नवीन क्लचचा पॉइंट शिकवावा लागतो, ते न करता गाडी ताब्यात दिली तर नवा क्लचही जुन्यासारखाच वागतो.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रटाळ चालते, लाइट लागलाय: हा लिम्प मोड, बॉक्स स्वतःला वाचवतोय. सुरक्षित जागी थांबून बंद-चालू केल्यावर कधीकधी जातो, पण गेला म्हणजे बरा झाला असं नाही. मधल्या वेळात स्कॅन करून घ्या. काही गाड्यांत वेगळा लाइट नसतो, डी किंवा ओ/डी ऑफ (ओव्हरड्राइव्ह बंद) हेच ब्लिंक होतं, आणि लोकांना वाटतं चुकून बटण दाबलं गेलं.

सीव्हीटी घाटात अचानक ताकद कमी करते: बहुतेक वेळा तापलीये. थांबवून, पी मध्ये, इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. वारंवार होत असेल तर ऑइल, कूलर आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघा. स्पीडबरोबर वाढत जाणारा 'हूँ' असा आवाज येत असेल तर बेअरिंग असू शकतं, पण आधी टायर बघा, असमान घासलेला टायर हुबेहूब तसाच ओरडतो.

खाली डाग: पाणी असेल आणि रंग नसेल तर एसीचं. लाल किंवा तपकिरी, हाताला तेलकट, गाडीच्या पुढच्या भागात, तर ऍक्सल सील, पॅनचं गॅस्केट किंवा कूलरचा पाइप. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, कुठून पडतं ते सकाळी कळतं.

सवयी, थोडक्यात

उभं करताना: ब्रेक, एन, हँडब्रेक, मग ब्रेक हलका सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, मग परत ब्रेक दाबून पी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी-आर करायचं नाही. उतारावर न्यूट्रल नाही, खालचा गिअर धरून ठेवणारं एल, २, एस जे काही दिलंय ते वापरा. चढावर ऍक्सिलेटरने गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक कशाला दिलाय? एएमटी आणि डीसीटीचे क्लच या एका सवयीने जितके जळतात तितके दुसऱ्या कशानेच नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं, आणि कधी गाडी हलवायचीच नाही

दुधाळ ऑइल, धातू घासल्याचा आवाज, जळका वास आणि धूर, किंवा डी-आर दोन्हीत गाडी जागची हलत नाही, यातलं काहीही झालं तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका. टो करताना ज्या चाकांना ताकद जाते ती जमिनीवर फिरता कामा नयेत, फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकं उचलून, आणि ऑल व्हील ड्राइव्ह वॅगन असेल तर थेट फ्लॅटबेडवर. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही, म्हणजे आतल्या भागांना ऑइल मिळत नाही, आणि दोरी बांधून ओढून आणलेली गाडी वाटेतच जास्त बिघडते.

गॅरेजमध्ये "बॉक्स उघडावा लागेल" ऐकलं की शांतपणे विचारा: कोड काय आले? ऑइलची पातळी किती तापमानाला बघितली? पॅनमध्ये काय निघालं, दाखवा. प्रेशर मोजलं का? समोरचा या प्रश्नांची उत्तरं देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, चिडला तर गाडी दुसरीकडे दाखवा. फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारा माणूस मिळाला तर उत्तम, कारण जनरल गॅरेजमध्ये बरेचदा वॉल्व बॉडीचं काम अख्ख्या बॉक्सच्या बिलात जातं.

आणि खरंच बॉक्स बदलायची किंवा बांधायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या: टॉर्क कन्व्हर्टर नवीन किंवा रिकंडिशन केलेला, कूलर आणि त्याचे पाइप धुऊन किंवा बदलून, आणि शेवटी कॉम्प्युटरचं ऍडॅप्टेशन रिसेट (जुन्या बॉक्सवर शिकलेलं पुसणं). कूलरमध्ये जुन्या बॉक्सची धातूची पूड राहिली तर ती पहिल्याच दिवशी नव्या बॉक्समध्ये जाते. रिसेटनंतर पहिले काही दिवस गिअर थोडे बेताल बदलतील, ते शिकतंय, त्या दिवसांत ऍक्सिलेटर हलका ठेवा आणि दोन आठवड्यांनी ऑइलची पातळी परत एकदा तपासून घ्या.